बारदान वजा

माझे वडील मापाडी होते. दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल आला की तो काट्यावर घ्यायचा आणि वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्यांचं काम. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांनी शेडच्या या टोकाला पुकारलं की त्या टोकाचा अडत्या मान डोलवायचा. घरीही तोच आवाज. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारच्या दोन घरांना कळायचं की आज भाजी अळणी झालीय. तो आवाज माझ्यातही उतरलाय. जळगावला ज्या शाळेत मी शिकवते तिथली पोरं हे शपथेवर सांगतील.

आबांनी आयुष्यात खोटं वजन पुकारलं नाही. हे मी लेक म्हणून कौतुकाने सांगत नाहीये, चांगलं भोगलंय म्हणून सांगतेय. माझं लग्न नवंनवं होतं तेव्हा माझे सासरे दोंडाईच्याला लाल मिरची घेऊन आले. वाळलेली मिरची हलकी असते, म्हणून काही लोक वजन वाढायला तिच्यावर पाणी मारतात. हे सगळ्या यार्डाला ठाऊक असतं. सासऱ्यांनीही मारलं असणार थोडं, व्याहीच काट्यावर आहेत म्हटल्यावर. आबांनी पोत्यात हात घातला, मूठभर मिरची दाबली आणि सोडली. कोरडी मिरची दाबली की मोडते. ओली दबते, आणि दबलेलीच राहते. समोर व्याही उभे, आजूबाजूला निम्मं गाव उभं, आणि आबा पुकारतात, "पाणी शे." शे म्हणजे आहे.

पुढे कितीतरी दिवस माझ्या सासूबाई मला चहा देताना म्हणायच्या, "आमच्या चहातही पाणी असतं बरं का, तुझ्या वडलांना कळवू नकोस." मी माहेरी गेले की आबांशी कडाकडा भांडायचे. आबा शांतपणे अहिराणीत म्हणायचे, "पाणी मी मारं का? मी ते फक्त सांगं."

माय, म्हणजे माझी आई, अशा वेळी पदर तोंडाला लावून हसायची. तिची या बाबतीतली तक्रार माझ्याहून जुनी होती. लग्नानंतर एकदा ती आबांचा डबा घेऊन यार्डात गेली. हमाल जेवायला पांगले होते. आबांना काय लहर आली कोण जाणे, त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. आकडा दिसला आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, भर शेडमध्ये, "साठ! बारदान वजा!" बारदान म्हणजे रिकामं पोतं. मालासकट जे भरेल त्यातून पोत्याचं वजन कमी करायचं आणि मग पुकारायचं, हा यार्डाचा नियम. मायच्या बाबतीत बारदान म्हणजे तिचं लुगडं आणि हातातला जेवणाचा डबा. सगळे हमाल घास हातात धरून वळले. माय त्यानंतर आबांशी बोलली नाही ती थेट आखाजीपर्यंत.

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्या खानदेशात लेकींची दिवाळी ती. भाऊ किंवा बाप न्यायला येतो, त्याला मुराळी म्हणतात. लेकी माहेरी जातात, दारातल्या निंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. मायचं माहेर फैजपूरचं, केळीच्या पट्ट्यातलं. नातवंडं झाली तरी तिचा भाऊ, माझा मामा, दर आखाजीला पिशवीत केळी घेऊन दारात हजर. आणि दर आखाजीला फैजपूरच्या झोक्यावर बसून माय ती गोष्ट सांगायची, आबांचा आवाज काढून. बारदान वजा म्हटलं की माहेरच्या बायका गडबडा लोळायच्या.

ही माझी माय. ठणठणीत, मनगटातली बांगडी वर न सरकणारी. घागर उचलताना दुसऱ्याला हात लावू द्यायची नाही.

तिच्या पोटात कॅन्सर निघाला आणि सापडला तेव्हा तो बराच पसरलेला होता. धुळ्याला उपचार सुरू केले. औषधांच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, त्याचं तिला फार वाटलं नाही. "डोकं धोवाले बरं," म्हणाली. पण अंग उतरायला लागलं. आधी बांगड्या कोपरापर्यंत गेल्या. मग ब्लाउज आत घेतले, पुन्हा आत घेतले. कणकेच्या डब्याचं झाकण तिला उघडेना. भरलेला तांब्या दोन हातांनी धरायला लागली. जमिनीवर बसली की म्हणायची, "हाडं टोचतस," म्हणून तिच्याखाली गोधडी घडी करून ठेवायची. अंगठ्याजवळचा तळव्याचा गुबगुबीत भाग, ज्याने ती भाकरी थापायची, तिथे खळगा पडला. मी तो हात हातात घेऊन बसायचे आणि मला बघवायचं नाही.

आबांचं एकच चालायचं, खाय. निवृत्त झाले होते, पण यार्डात रोज चक्कर असायची, आणि येताना रोज काहीतरी आणायचे. खजूर, अंडी, दूध, पेढे, कुणी सांगितलं म्हणून शतावरी. "खाय ना थोडं. एक घास." तिला फोडणीच्या वासाने मळमळायचं. घास तोंडात फिरवत बसायची. एकदा त्यांना म्हणाली, "मी खास ते जास कोठे, हाई तुम्हीच सांगा." खाल्लेलं जातं कुठे, हे तिलाही कळत नव्हतं.

भेटायला येणारे तर विचारूच नका. आल्या आल्या, "अगं बाई, काय ही दशा!" समोर माणूस बसलंय, त्याला कान आहेत, हे या लोकांना कधी कळणार? गल्लीतल्या एक काकू आल्या, मायकडे बघितलं आणि मला विचारतात, "काय खायला घालता हो हिला? पार सापळा झालाय." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सकाळी उपाशी ठेवतो काकू, आणि संध्याकाळी मारतो. तुम्ही चहा घेणार की निघणार?" काकू चहा न घेता निघाल्या. माय कॉटवर पडल्या पडल्या हसली, मग हसणं झेपेना म्हणून धापा टाकत राहिली. मग म्हणाली, "असं बोलानं नही व बेटी. तिनी डिंकना लाडू लयेल शेत."

आबा मात्र वजनाचा नाद सोडणारे नव्हते. घरी मी आणलेला वजनाचा छोटा काटा होता, तो त्यांनी खेळणं म्हणून कोपऱ्यात टाकला. ते मायला रिक्षात घालून यार्डात न्यायचे, सकाळी लिलाव सुरू व्हायच्या आधी. आधी प्लास्टिकची खुर्ची काट्यावर ठेवून तिचं वजन बघायचं, मग मायला तिच्यात बसवायचं, मग खुर्ची वजा. मी सुट्टीला आले की बरोबर जायचे. पहिल्या वेळी माय मला म्हणाली, "मले लिलावमा मांडी ऱ्हायनात का तुना आबा?" हमाल लोक जाणते. ते पाठ करून उभे राहायचे, कुणी उगाच पोत्याची शिवण तपासायचं. आणि आबा आकडा बघायचे. ज्या आवाजाने शेड हलायची तो आवाज तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचा आणि आम्ही परत रिक्षात बसायचो.

आकडा दर वेळी खाली जायचा.

धुळ्याच्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांना आबांनी हात जोडून विचारलं, "मॅडम, वजन वाढाले काय करानं?" बाई म्हणाल्या, "आबा, वजनाच्या मागे लागू नका. हा आजार अंगातलं मांस खातो. स्नायू झिजवतो. ताट भरून दिलंत तरी ते अंगी लागत नाही. त्या खात नाहीत म्हणून वाळताहेत असं नाही, आणि कोंबून खायला घातलंत तर त्यांनाच त्रास होईल. आवडेल तेवढं द्या. काटा बघू नका. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, ते बघा. त्यांचे दिवस कसे जातात ते त्याच्यावर ठरणार आहे."

आबांनी जोडलेले हात खाली घेतले. काटा बघायचा नाही, म्हणजे मापाड्याला काय सांगताय तुम्ही?

मग बाई मायकडे वळल्या. "तुम्हाला काय करायचंय?" एवढ्या दवाखान्यांत हे मायला कुणी विचारलंच नव्हतं. आम्हीसुद्धा. ती जरा गोंधळली, मग पदर सारखा करून म्हणाली, "आखाजीले माहेर जावानं शे. मना पायवर."

"जा की," बाई म्हणाल्या. "गाडीने जा, घरचे उचलून बसवतील."

"उचलीसन नही," माय म्हणाली. "उचलीसन लई जावानं ते एकच दाव."

ते कोणतं उचलणं, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, ठीक आहे, तर मग मांड्यांना ताकद हवी. खुर्चीतून उठायचं, बसायचं. पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करायचे. झेपेल तेवढंच. दमल्या तर थांबायचं.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. आबांचा पक्ष काट्याचा, माझा आणि मायचा पक्ष खुर्चीचा. मी शनिवारी शाळा सुटली की जळगावहून निघायचे आणि आल्याबरोबर खुर्ची ओढायचे. माय उठायची, बसायची. मी मोठ्याने मोजायला लागले तर म्हणाली, "मोजनारा घरमा एक शे ना, बस." मग मी मोजणं सोडलं. ती उठताना दात आवळायची, उभी राहिली की विजयाने इकडेतिकडे बघायची, जणू बघणारे शंभर लोक आहेत. बघणारी मी एकटी. कधी हात न टेकता उठायची, कधी टेकून. मोरीत स्वतःच्या पायाने जायची, आणि तेवढ्यावर तिचा सगळा दिवस उभा असायचा. मोरीत एकटी जाता आली तर दिवस चांगला. मला आत येऊ द्यायची नाही. मी दाराबाहेर उभी राहून भांड्यांचा आवाज करायचे, म्हणजे तिला वाटावं मी माझ्या कामात आहे.

एका दुपारी शाळेत फोन आला. आबांचा. स्टाफरूममधल्या सगळ्यांना ऐकू गेला, फोन कानाला असून. "बेटा, तुनी मायनी अंग धरं!"

अंग धरणं म्हणजे अंगावर मूठभर मांस चढणं. बाळंतपणानंतर बाळ बाळसं धरतं तेव्हा म्हणतात, आजारातून उठलेल्या गोऱ्ह्याला म्हणतात. काट्यावर वजन वाढलं होतं. एकदा नव्हे, पुढच्या वेळीही. आबांनी खुर्ची पुन्हा तपासली, काटा शून्यावर आणून पाहिला, दुसऱ्या अडत्याच्या काट्यावरही घातलं. वाढलंच होतं. त्यांनी यार्डात जिलेबी वाटली. फैजपूरला मामाला फोन करून सांगितलं, आखाजीला गाडी घेऊन ये, बहीण येतेय. मीही स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले, आनंदाने. विश्वास ठेवायला मला कुणी सांगावं लागलं नाही. डॉक्टर बाईंना काय कळतं, असंही मनात येऊन गेलं.

शनिवारी घरी पोचले. माय खुर्चीत बसली होती आणि आबा तिच्या शेजारी उभे, नवरदेवासारखे. "देख," म्हणाले, "देख तिना पाय." मायची जोडवी मधल्या काळात इतकी सैल झाली होती की त्यांना दोरा गुंडाळला होता. तो दोरा आबांनी काढून टाकला होता आणि तरीही जोडवी बोटात रुतली होती. चप्पल पायात जात नव्हती. आबा ते दाखवत होते. मी पायांकडे बघितलं आणि मग वर बघितलं. कानशिलं तशीच आत गेलेली. गळ्याची हाडं तशीच. हातावरची कातडी तशीच लोंबणारी, आणि पाय मात्र घोट्यापासून तट्ट फुगलेले.

मी धुळ्याला फोन लावला, मागच्या दाराशी जाऊन. बाईंनी दोन प्रश्न विचारले आणि तेवढ्यावरूनच मला समजलं. सूज होती ती. पाणी. मांस आत झिजतच होतं आणि वरून पाणी भरत होतं. बाई म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या, थोडं औषध देऊ. आबांना सांगा हळूहळू."

हळूहळू कसं सांगतात? माझी जीभ वर्गात चालते, गल्लीत चालते, नको तिथे चालते, आणि तिथे मात्र रेटेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. बाहेर आले तर मायने मला जवळ बोलावलं. तिला माहीत होतं. आपल्या पायात काय भरलंय ते माणसाला कळत नाही होय? म्हणाली, "त्यासले सांगू नको. लई दिनमा हसनात."

मी सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात ऊन यायच्या आत आबा मायच्या पायांना तेल लावत बसले. त्यांना वाटत होतं, पाय भरलेत तर आता चोळावेत, म्हणजे बळ येईल. मी उंबऱ्यावर भाजी निवडत होते. त्यांनी उजवा पाय मांडीवर घेतला, अंगठा पोटरीच्या खाली दाबला, आणि काढला.

खड्डा तसाच राहिला.

आबा बघत राहिले. पुन्हा दाबलं, जरा बाजूला. पुन्हा खड्डा. मग डावा पाय घेतला. त्यांचा तो अंगठा मी ओळखते. मिरचीच्या पोत्यात हात घालून दाबणारा, सोडणारा आणि मग वाट बघणारा. माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. एवढ्या वर्षांत किती पोती त्या हाताने ओळखली असतील, ओली कोणती आणि कोरडी कोणती, आणि गेले कित्येक दिवस याच हातांनी ते तिला खुर्चीत बसवत होते, काट्यावर ठेवत होते, जिलेबी वाटत होते.

"पाणी शे," ते म्हणाले. शेजारच्या घरी ऐकू गेलं नाही. मलाच जेमतेम आलं.

माय त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मी नही मारं हो."

सासऱ्यांच्या मिरचीवरून आबा मला जे ऐकवायचे, तेच ती त्यांना परत देत होती. मला वाटलं, आता हसतील. आबांनी मान वर केली नाही. तेल घेतलं आणि पुन्हा लावायला लागले, हळू, दाबणार नाही अशा बेताने. लावतच राहिले. ऊन अंगणात येऊन त्यांच्या पाठीवर पडलं तरी उठले नाहीत.

त्यानंतर ते मायला काट्यावर घेऊन गेले नाहीत. यार्डात कुणी विचारलं, वहिनीचं वजन काय म्हणतंय, तर "बरं शे" म्हणून पुढे व्हायचे. आणि माझ्या पक्षात आले. माय खुर्चीतून उठायला लागली की तिच्या मागे उभे राहायचे, दोन्ही हात पसरून, पण लावायचे नाहीत. तिने सांगितलं होतं, लावायचे नाहीत. आता घरात सगळ्यांना एकच पाहिजे होतं. तिने आखाजीला आपल्या पायाने उंबरा ओलांडावा आणि मामाच्या गाडीत बसावं.

औषधाने सूज थोडी उतरली, आणि सूज उतरली तेव्हा खाली काय उरलंय ते दिसलं. मी त्याचं वर्णन करणार नाही. उठण्याची वेळ लांबत गेली. आधी सकाळ-संध्याकाळ उठायची, मग नुसती सकाळी. मोरीपर्यंत जाताना मधल्या खांबाला धरून थांबायला लागली. मग एके दिवशी तिने मला हाक मारली, आत ये म्हणून, आणि मी आत गेले. भिंतीकडे तोंड करून तिने मला लुगडं सोडू दिलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मलाही.

शाळेला सुट्टी लागली आणि मी मुक्कामालाच आले. आखाजीच्या दिवशी मामा सकाळीच पोचला. गाडी आणली होती, मागच्या सीटवर गादी अंथरली होती, पिशवीत केळी. मायने पहाटेच मला उठवून अंघोळ घालून घेतली होती. डोक्यावर केस थोडे उगवले होते त्यांना तेल लावलं, नवं लुगडं नेसवलं, त्याच्या निऱ्या मी तीनदा घातल्या, अंगच नव्हतं धरायला. ती खुर्चीत बसली होती, दाराकडे तोंड करून.

"चाल बहीण," मामा म्हणाला.

मायने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले. हात टेकायला आता कुणाची ना नव्हती. आबा मागे जाऊन उभे राहिले, हात पसरून. ती उठायला लागली. गुडघे थरथरले, कोपरं थरथरली, ती खुर्चीपासून वितभर वर आली आणि खाली बसली. दम घेतला. पुन्हा. या वेळी तेवढंही नाही. मामा पुढे आला तर तिने हाताने थांबवलं. आम्ही तिघं धडधाकट माणसं तिच्याभोवती उभी, एका हाताने उचलता येईल अशा बाईभोवती, आणि कुणालाच तिला हात लावायची सोय नाही. तिसऱ्यांदा तिने दांड्या धरल्या. मग दांड्यांकडेच बघितलं आणि त्या सोडून दिल्या.

"जाय भाऊ," म्हणाली. "औंदा नही."

मामा बाहेर गेला. मला त्याचा राग आला. म्हटलं, हा आता गाडीत बसून रडेल आणि इकडे मी सांभाळायचं. बऱ्याच वेळाने आला तर हातात नवा दोर. बाजारात जाऊन आणला होता. आमच्या दारातही निंब आहे, त्याच्या आडव्या फांदीवर त्याने दोर टाकला, लोंबकळून बघितला, घरातला पाट मागून घेतला, त्याच्यावर उशी बांधली. मायला म्हणाला, "निंब तं तुम्हना दारमाबी शे."

माय खुर्चीतून झोक्याकडे बघत होती. उंबरा, दोन पायऱ्या, आणि अंगणाचा एक तुकडा. तेवढंच. बराच वेळ बघितलं. मग मान मागे वळवली आणि आबांना म्हणाली, "उचला."

एवढंच. पण ते म्हणणं तिला केवढ्याला पडलं हे मला माहीत आहे, आबांनाही माहीत होतं. ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले. ती पुन्हा म्हणाली, "उचला ना. लोके देखी ऱ्हायनात." घरात आमच्याशिवाय लोक नव्हतेच. मग त्यांनी वाकून एक हात पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला उचललं. चौकटीतून बाहेर पडताना मान झुकवून तिच्या डोक्याला आडोसा केला. आबांना वजन कळायला काटा कधीच लागला नाही. हातात घेतलं की त्यांना कळायचं, काटा नुसता लोकांच्या समाधानाला. त्या पायऱ्या उतरताना त्यांना काय कळलं असेल ते मी त्यांच्या तोंडावर बघितलं, आणि मग बघायचं सोडून दिलं.

झोक्यावर ठेवली. एका बाजूने मामाने धरलं, एका बाजूने मी. मायने दोन्ही हातांनी दोर धरले, तिच्या बांगड्या कोपराशी जाऊन बसल्या. आखाजीच्या दिवशी सगळ्या गल्लीत लेकी आलेल्या असतात. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या डिंकाच्या लाडूवाल्या काकूसुद्धा. झोका जरा हलला. माय आबांकडे बघून म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात, "मापाडी, कितलं भरनं?"

मी मनात म्हटलं, नको ना माय. हे नको विचारू.

आबा उभे होते. त्यांनी हात पुढे करून तळव्यांकडे बघितलं, रिकाम्या. घसा खाकरला. आणि तो आवाज काढला, जो मी किती महिन्यांत ऐकला नव्हता, यार्डाच्या शेडचा, पत्र्यावरून पलीकडे जाणारा.

"साठ! बारदान वजा!"

गल्लीतल्या बायका दचकल्या. माय हसली. हसताना दोर हातातून सुटायला लागला तो मी धरला. ती मामाला म्हणाली, "देख भाऊ, म्हातारपणमा खोटं माप कराले लागनात." आणि मग तिने डोळे मिटले आणि आबांनी झोका हलवला, अगदी जरासा, आणि हलवत राहिले. मामीने फैजपूरहून पाठवलेल्या पुरणातलं चिमूटभर तिने जिभेवर ठेवलं. गाणं कुणी म्हटलं नाही. दुपारी ऊन झोक्यापर्यंत आलं तेव्हा आबांनीच तिला उचलून आत आणलं, आणि या वेळी तिने काही विचारलं नाही.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. खुर्ची भिंतीला लावून ठेवली ती पुन्हा ओढायची वेळ आली नाही. गेली ती सकाळी, आबा तिच्या पायांना तेल लावत असताना.

यार्ड बंद ठेवून सगळे हमाल आले. तिरडी बांधली, आणि खांदा द्यायला पुढे झाले तेही त्यातलेच चौघं, आबांबरोबर जन्म काढलेले. बाप्या माणसांनी सारी हयात पोती उचलली होती. त्यांनी पोत्याला लावतात तेवढी ताकद लावली आणि तिरडी झटक्याने वर आली, एका बाजूला कलली. पुढच्या हमालाने शेजारच्याला हळूच म्हटलं, "काहीच वजन नही रे."

मी दारात होते, मला ऐकू आलं. आबा मागे उभे होते, भावकीतल्या दोघांनी धरलेले. त्यांनी ते हात सोडवले आणि पुढे आले.

"साठ शे," ते म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "बरोबर धरा."

चौघं थांबले. त्यांनी खांदे खाली घेतले, हात पुन्हा बसवले, आणि जड ओझं असावं तशी सावकाश पावलं टाकत निघाले.